नऊ ते एक

आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीत फाटकापाशी एक वही असते. नाव, कुठून आलात, कोणाकडे, कशासाठी, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. येणारा माणूस त्यात कोंबडीचे पाय काढतो आणि आत शिरतो. गांगुर्डे नाना पहिल्यांदा माझ्याकडे आले तेव्हा खालून वॉचमनचा फोन आला, "साहेब, तुमचे पाहुणे अर्ध्या तासापासून इथंच बसलेत. वही सोडत नाहीत."

मी खाली गेलो. 'कशासाठी' या रकान्यात नानांनी टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'आजारी कारकुनाच्या प्रकृतीची चौकशी व चहा'. तिथवर ठीक होतं. पण गेल्या आठ दिवसांत लोकांनी मोकळे सोडलेले रकानेही ते वॉचमनला विचारून विचारून भरत होते. "तो गॅसवाला परत किती वाजता गेला? आठव जरा. अंदाजे नको सांगू." वॉचमन रडकुंडीला आला होता. मला बघून नाना म्हणाले, "रकाना मोकळा सोडू नये हो. उद्या कोणी काहीही भरतं त्यात."

मी जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयात आस्थापनेचा कारकून आणि नाना आरोग्य कर्मचाऱ्यांच्या युनियनचे सरचिटणीस. म्हणजे आम्ही टेबलाच्या दोन बाजूंची माणसं. त्यांनी निवेदन द्यायचं, मी ते फाइलला लावायचं, आणि साहेबांनी त्यावर 'चर्चा करावी' असा शेरा मारायचा. कोणी, कोणाशी, कधी, हे साहेब कधी लिहीत नसत. नानांना नेमकं तेच सहन होत नसे. मग ते आठवड्याने 'चर्चा करावी या शेऱ्याबाबत' असं दुसरं निवेदन आणत.

मूळचे सायखेड्याचे. नोकरी मात्र सगळी पेठकडच्या डोंगरात, आरोग्य सेवक म्हणून. पाड्यापाड्यावर चालत जायचं, तापाच्या माणसाच्या बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, आणि दारामागच्या भिंतीवर भेटीची तारीख लिहून पुढच्या घरी जायचं. निवृत्त झाल्यावर माणसं देवाधर्माला लागतात, नाना युनियनला लागले. पत्नी गेल्यापासून घरी बोलायला कोणी नव्हतं. सकाळी दहाला युनियनच्या पत्र्याच्या खोलीत जाऊन बसायचे, आणि तिथंही कोणी आलं नाही तर आमच्या ऑफिसात यायचे.

मोर्च्यात ते घोषणा देत नसत. हजर असलेल्यांची यादी करत. एकदा पोलिसांनी सगळ्यांना गाडीत घालून नेलं. तिथला हवालदार नावं लिहून घेताना खाडाखोड करतोय हे नानांना बघवेना. शेवटी कागद ओढून घेऊन अटक झालेल्यांची यादी त्यांनी स्वतःच केली. स्वतःचं नाव पहिलं. हवालदाराने चहा पाजला आणि म्हणाला, "काका, पुढच्या वेळी पण तुम्हीच या." एका दवाखान्यात नर्सबायांच्या कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी नव्हती. ती कडी बसावी म्हणून नानांनी सात निवेदनं दिली. कडी बसली त्या दिवशी नाना स्वतः जाऊन ती तीनदा लावून बघून आले.

मी त्यांची चेष्टा करायचो. ऑफिसात सगळेच करायचे. ते हसायचे आणि म्हणायचे, "नोंद घ्या."

मग मंजुळाबाई भोये यांचं प्रकरण आलं.

मंजुळाबाई पेठकडच्या एका उपकेंद्रात अर्धवेळ स्त्री परिचर होत्या. अशा बाईने उपकेंद्र झाडायचं, पाणी भरायचं आणि नर्सबाईला बाळंतपणात हात द्यायचा. कागदावर रोजचे चार तास. प्रत्यक्षात नर्सबाई बैठकीला किंवा लसीकरणाला गेली की मागे उरायची ती हीच. उभा जन्म असा काढल्यावर वय झालं म्हणून त्यांना घरी बसवलं. पेन्शन नाही, निरोपाचा नारळसुद्धा नाही. नानांनी अर्ज केला की ही बाई नावाला अर्धवेळ, राबली पूर्ण वेळ, तेव्हा तिला पेन्शन द्या. साहेबांनी सुनावणी लावली आणि मला सांगितलं, त्या उपकेंद्राचे हजेरीपट मागवून घ्या.

हजेरीपट आले. पान पान बघितलं. मंजुळाबाई भोये, आल्याची वेळ नऊ, गेल्याची वेळ एक. वर्षामागून वर्षं, एक दिवस चुकला नाही, एक रकाना मोकळा नाही, आणि प्रत्येक महिन्याखाली मंजुळाबाईंचा अंगठा. अक्षर टपोरं, छापल्यासारखं.

नाना आले तेव्हा मी हजेरीपट त्यांच्यापुढे सरकवला आणि म्हणालो, "काय नाना, एवढं सुंदर अक्षर कोणाचं हो?"

या वाक्याची मला अजून शरम वाटते. नानांनी पानावरच्या अंगठ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "पाणी आहे का?"

पाणी प्यायल्यावर बोलले. "त्याच उपकेंद्रावर होतो मी. महिन्याच्या एक तारखेलाच मी सगळा महिना भरून ठेवायचो. एकच्या पुढची वेळ लिहिली तर तालुक्याहून खुलासा मागायचे. मोकळं ठेवलं तर बाईचं मानधन अडायचं. म्हणून नऊ ते एक. ती सकाळी सातला झाडू घेऊन यायची आणि दिवेलागणीला जायची. मी बघायचो आणि लिहायचो नऊ ते एक."

"मग आता?"

"आता मीच सांगणार, हे खोटं आहे म्हणून."

युनियनचे कार्याध्यक्ष हे ऐकून हादरले. त्यांचंही चूक नव्हतं. त्यांनी माझ्यासमोरच नानांना हात जोडले. "नाना, तुमच्या पाया पडतो. एक हजेरीपट खोटा म्हणालात की साहेब सगळ्याच बायांचे कागद खोटे धरतील. चाळीस बायांचे अर्ज पडलेत. एकीसाठी सगळ्यांना बुडवू नका."

नानांनी त्यांचे जोडलेले हात खाली केले. पण दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून म्हणाले, "एक काम करता? माझी वैशाली जन्मली त्या दिवशी आमच्या नर्सबाई पेठला मासिक बैठकीला गेल्या होत्या. एकुलती एक गाडी संध्याकाळची. मंजुळाबाईनं केलं सगळं. पोरगी पायाळू होती. आणि मी प्रसूतीच्या रजिस्टरात नाव लिहिलं नर्सबाईंचं. तसंच लिहायची पद्धत होती. त्या बैठकीचं हजेरी रजिस्टर कुठं सापडतं का बघा. एक बाई एकाच वेळी दोन ठिकाणी नसते ना?"

रेकॉर्ड रूममध्ये मी तीन दिवस धूळ खाल्ली. उभ्या नोकरीत कोणाचं काम मी मुदतीच्या आत केलं असेल तर ते हे. बैठकांची बहुतेक रजिस्टरं वाळवीने संपवली होती. पण तेवढं एक सापडलं. नर्सबाईंची सही होती, सकाळचीही आणि संध्याकाळचीही.

सुनावणीला मंजुळाबाई पहाटेच्या गाडीने आल्या. काळ्याशार, काटक, पायात रबरी चपला. साहेबांनी खुर्ची दिली तरी टेकायला तयार नव्हत्या. नाना उभं राहून बोलले. हजेरीपट माझा आहे, वेळा खोट्या आहेत, प्रसूतीची नोंद खोटी आहे, हा पुरावा. कारवाई करायची ती माझ्यावर करा, माझी पेन्शन थांबवा, पण बाईचं काम खरं धरा.

साहेब तरुण होते, वाईट नव्हते. दोन्ही रजिस्टरं त्यांनी शेजारी शेजारी ठेवून वाचली. मग मला आदेश सांगितला आणि मी तो टाइप केला. सदर एका दिवशी संबंधित महिलेने पूर्ण वेळ काम केल्याचे दिसून येते. उर्वरित कालावधीबाबत पुरावा नाही. अर्ज नामंजूर. श्री. गांगुर्डे यांच्या कबुलीबाबत स्वतंत्र चौकशी करावी.

मंजुळाबाईंनी मला हळूच विचारलं, "काय लिवलं?"

मी सांगितलं, "एक दिवस मिळाला, बाई."

त्या हसल्या. खरंच हसल्या.

बाहेर व्हरांड्यात कार्याध्यक्ष वाट बघत होते. ते रागावले नाहीत. खाली मान घालून म्हणाले, "नाना, खोलीची किल्ली द्या." नानांनी किल्ली दिली, युनियनचा शिक्का दिला, आणि पिशवी झटकून आत काही राहिलं नाही ना हे बघून घेतलं. अर्धी रजा टाकून मी दोघांबरोबर स्टँडवर गेलो.

पेठची गाडी लागायला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. नाना मध्ये, मी एका बाजूला, मंजुळाबाई खाली फरशीवर, कितीही सांगितलं तरी.

"साहेबांना मी अर्धंच सांगितलं," नाना एकदम म्हणाले. माझ्याकडे नाही, समोर बघत. "वैशाली जन्मली त्या दिवशी हिच्या घरी सुतक होतं. हिचं तीन महिन्यांचं पोर जाऊन चौथा दिवस. अर्धवेळला रजा नाही, म्हणून आधीच भरलेली तिची हजेरी मी तशीच ठेवली. आणि दुपारी मीच तिच्या दारात जाऊन उभा राहिलो, म्हटलं चल." मग वाकून त्यांनी विचारलं, "मंजुळाबाई, तू का आलीस गं त्या दिवशी? नाही म्हणायचं होतंस."

मंजुळाबाई पिशवीचं तोंड बांधत होत्या. "आता काय इचारता भाऊ. तुमी दारात हुबं राहून नुसतं रडत व्हते."

"तरी पण."

"आन् बरंच झालं आले ती. तीन दिस वयनीला ताप, अंगावर दूध नाय. पोर रडून रडून निळं पडाया लागलं. माझी चोळी भिजत व्हती. मीच पाजलं तिला." त्यांनी वर बघितलं. "वयनीनं सांगितलं नाय तुमाला?"

नानांनी मान हलवली. नाही.

"मला म्हनाल्या व्हत्या, कुनाला बोलू नको, लोक नावं ठेवतील. मी नाय बोलले. मला वाटलं, घरात तरी ठाव आसंल."

जिल्ह्यातल्या सगळ्यांची नोंद ठेवणाऱ्या या माणसाच्या घरात हे घडलं होतं आणि त्याला तीस वर्षं पत्ता नव्हता. मी दुसरीकडे बघू लागलो.

पेठची गाडी फलाटाला लागली. माणसं धावली. मंजुळाबाई उठल्या, तशी नानांनी घाईघाईने खिशातून फोन काढला. बोट चुकलं, परत लावला. वैशाली पुण्यात असते. ती ऑफिसात असेल म्हणून दिवसा तिला कधीही फोन न करणारा हा माणूस.

"अप्पा? काय झालं? बरं नाही का?" पलीकडचा घाबरलेला आवाज मलाही ऐकू आला.

नानांनी तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. त्यांनी फोन मंजुळाबाईंच्या कानाला लावला आणि हाताने खूण केली, बोल.

कंडक्टर घंटी मारत होता. मंजुळाबाईंनी दोन्ही हातांनी फोन धरला, डोळे मिटले, आणि म्हणाल्या, "बाय, जेवलीस का?"