पंधरा मिनिटं मोफत कायदा

आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर जिन्याचं जे दार आहे, ते उघडताना कुरकुरायचं. दोन वर्षं कुरकुरत होतं आणि कोणाचं काही बिघडलं नव्हतं. पण त्या रविवारी मला एकाएकी वाटलं की ह्या दाराला तेल घालायला हवं, आणि ते मीच घालायला हवं. (मी स्वतःहून काही दुरुस्त करायला निघालो की बायको आधी शेजारच्या खोलीतल्या काचेच्या वस्तू आवरते. त्या दिवशी ती कामावर होती.)

शिवणयंत्राच्या तेलाची लांब नाकाची डबी घेतली, बिजागरीत चार थेंब सोडले. दार गप्प झालं. मी ते आनंदाने सातआठ वेळा उघडझाप करून पाहिलं आणि घरी येऊन झोपलो. चार थेंब बिजागरीत गेले हे खरं. बाकीचे कुठे गेले याचा विचार मी केला नाही.

सोमवारी संध्याकाळी कळलं की खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं.

ह्या बाई एकाहत्तर वर्षांच्या. जन्मभर पोहायला शिकवलं, त्यामुळे अजूनही साध्या गप्पा मारताना तलावाच्या पलीकडच्या काठाशी बोलावं तसं बोलतात. मी तसाच जिन्यात गेलो. दारापाशी तीन पायऱ्यांवर तेलाचे गोल गोल डाग, आणि शेजारी बाईंची मुलगी वाकून डागांचे फोटो काढत होती. मी म्हणालो, "अरेरे." ती म्हणाली, "कोणी केलं असेल हे?" मी म्हणालो, "लोकांना काही वाटतच नाही," आणि वर आलो.

मंगळवारी खाली टपालपेट्यांच्या वर कागद लागला. 'जिन्यात तेल सांडणाऱ्याने स्वतःहून पुढे यावे. वकिलाचा सल्ला घेण्यात येत आहे.' 'वकिलाचा' ह्या शब्दाखाली दोन रेघा होत्या.

आता तुम्ही म्हणाल, माणसाने सरळ जाऊन कबूल करावं, माफी मागावी. मीही तेच केलं असतं. पण माझी एक अडचण होती. आम्ही ह्या देशात आलो ते बायकोच्या नोकरीमुळे. ती इस्पितळात फिजिओथेरपिस्ट आहे आणि तिची इथे फार गरज आहे. माझी गरज कोणाला नाही. सरकारी कागदावर माझ्या नावापुढे 'अवलंबित पती' असं लिहिलेलं आहे. (मी एका गोदामात नळ आणि तोट्या कुठल्या कप्प्यात आहेत ते सांगायचं काम करतो. मी नसलो की लोक स्वतः शोधतात, आणि म्हणे लवकर सापडतं.) माझ्या परवान्याची मुदत संपत आली होती, गुरुवारी सकाळी आम्हा दोघांना परदेशी रहिवास कचेरीत बोलावलं होतं, आणि अर्जात सत्ताविसावा प्रश्न असा होता: 'आपल्यामुळे कोणास इजा झाली असून त्याबाबत दावा होण्याचा संभव आहे काय?'

तोवर ह्या प्रश्नापुढे 'नाही' लिहिताना मला कधी पेन थांबवावंसंही वाटलं नव्हतं.

कामावर बसून मी इंटरनेटवर शोधलं. कायद्याचे नेहमीचे प्रश्न आणि उत्तरं अशी पानंच्या पानं निघाली. त्यातून दोन गोष्टी समजल्या. एक, दुखापतीच्या बाबतीत वकिलाला विचारल्याशिवाय कोणापुढेही काही कबूल करू नये. दोन, रहिवासाच्या बाबतीत काहीही लपवू नये. दोन्ही एकाच माणसाने पाळायचं कसं, हे कुठल्याच पानावर नव्हतं. मी कल्पनेत विमानात बसलो. बायको विमानतळावर हात हलवत उभी आहे, मागे खालच्या बाई प्लास्टरातला हात हलवतायत, असं सगळं दिसायला लागलं. बायकोला सांगायचा धीर होईना. तिने ह्या परवान्यासाठी सहा महिने कागद गोळा केले होते, आणि मी ते चार थेंबांत बुडवले होते.

बुधवारी दुपारी वाचनालयात कायद्याचा मोफत सल्ला असतो, प्रत्येकी पंधरा मिनिटं. अर्धी रजा टाकून मी तिथे गेलो. तीन टेबलं होती, तीन पाट्या: दुखापत, कुटुंब, परदेशी रहिवास. दुखापतीच्या रांगेत कुबड्या आणि प्लास्टरं होती. तिथे धडधाकट उभं राहायची लाज वाटली. रहिवासाची रांग दाराबाहेर गेली होती. नंबर देणाऱ्या माणसाने मला मधोमध घुटमळताना पाहून विचारलं, घरचाच प्रश्न आहे ना? मी म्हणालो, हो, घराच्या दारापासूनच सुरू झाला. त्याने मला 'कुटुंब'वर बसवलं.

तिथल्या वकीलबाई सभ्य आणि थकलेल्या होत्या. त्यांनी एक फॉर्म भरायला दिला. फोन नंबरच्या जागी मी सवयीने बायकोचा नंबर लिहिला. (माझा मला पाठ नाही. मी मला कशाला फोन करीन?) मग त्यांनी काय झालं ते विचारलं. कबूल तर काही करायचं नाही, हे मी पक्कं ठरवून गेलो होतो, म्हणून आडून बोलायला सुरुवात केली. एका बाईंचा हात मोडला आहे, म्हणालो, आणि तो माझ्यामुळे मोडला असं कोणी म्हणू शकेल.

वकीलबाई सावरून बसल्या. "त्या आणि तुम्ही किती वर्षं एकत्र राहता?"

"चार वर्षं. पण त्या खाली, मी वर."

"म्हणजे वेगळे राहता."

"मजले वेगळे आहेत."

"हात कसा मोडला?"

"मी त्यांना हात लावलेला नाही," मी म्हणालो. "मी फक्त तेल लावलं."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं. "त्यांना माहीत आहे, हे तुमच्यामुळे झालं?"

"नाही. त्यांनी अजून कोणाचंच नाव घेतलेलं नाही. आणि बायकोला तर मुळीच कळता कामा नये."

"बायकोला," त्या म्हणाल्या. "म्हणजे ह्या तुमच्या पत्नी नव्हेत."

"छे. ह्या एकाहत्तर वर्षांच्या आहेत."

त्या पाणी प्यायल्या. मग फार मायेने, आजारी माणसाशी बोलतात तसं, त्यांनी विचारलं की तुम्हाला वेगळं व्हायचंय का. मला वाटलं, काय हुशार बाई आहेत, बरोबर दुखण्यावर बोट ठेवलं. हे मनगटाचं प्रकरण आणि आमचा परवाना वेगळं व्हावं, एवढंच तर मला हवं होतं. मी म्हणालो, हो, लवकरात लवकर, शक्यतो उद्या सकाळच्या आत. त्या म्हणाल्या, उद्या सकाळच्या आत कोणालाही वेगळं होता येत नाही, आणि आधी पत्नीशी बोला. मी विचारलं, पण वेगळं झाल्यावर मला इथे राहता येईल ना? त्या म्हणाल्या, त्यासाठी दुसरी भेट घ्यावी लागेल. पंधरा मिनिटं संपली. जाताना त्यांनी मला 'राग आवरण्याचे आठ उपाय' नावाचं पत्रक दिलं. मला त्याचा संबंध कळला नाही, पण फुकट होतं म्हणून खिशात ठेवलं.

संध्याकाळी बायको घरी आली. एरवी आल्या आल्या ती दिवसभरात कोणाचा गुडघा किती वाकला ते सांगते. त्या दिवशी तिने पिशवी खुर्चीवर ठेवली, तिच्या शेजारी स्वतः बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी समजलो, हिला कळलं.

"तुला कळलं," मी म्हणालो.

"दुपारी कळलं."

"मी सांगणारच होतो. गुरुवार होऊन जाऊ दे म्हटलं."

"परवाना हातात पडल्यावर सांगणार होतास?" ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. "हे किती दिवस चाललंय?"

"रविवारपासून. तू कामावर होतीस. घरात कोणी नव्हतं, म्हटलं करून टाकू."

तिने फोन माझ्यापुढे धरला. त्यावर निरोप होता: 'कायदा सल्ला केंद्र, कुटुंब विभाग. विषय: पत्नीपासून विभक्त होणे व त्यानंतरचा राहण्याचा हक्क. आपली पुढील भेट सोमवारी तीन वाजता.'

मी तो दोनदा वाचला. मग तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे लाल होते, ते मला आत्ता दिसले. दुपारपासून हा निरोप खिशात घेऊन ती माणसांचे गुडघे वाकवत होती. परवाना, विमान, सत्ताविसावा प्रश्न, सगळं माझ्या डोक्यातून उडून गेलं. मी सांगायला सुरुवात केली ती पार उलटीकडून, पत्रकापासून. मग वकीलबाई, रांग, कागद, फोटो, आणि शेवटी एकदाचा दाराच्या बिजागरीशी पोचलो. माझ्या आयुष्यात मी इतकं न थांबता कधी बोललो नव्हतो. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. आधी ती घाबरलेली होती, मग रागावली, मग तिने तोंडावर हात ठेवला आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे.

"तेल," ती हातामागून म्हणाली. "तू वेगळं होणार होतास ते तेलापासून."

ती हसत होती. हसता हसता थोडी रडलीही, आणि मग मला म्हणाली, "असलं काही मनात असेल तर आधी मला सांगत जा. मूर्खपणा चालेल. गप्प बसणं नाही चालणार." मी मान डोलावली. माझ्या पोटात तीन दिवस जो दगड होता, तो तिथेच निम्मा झाला.

उरलेला निम्मा खालच्या मजल्यावर होता. ती म्हणाली, चल, आत्ताच्या आत्ता कबूल करून येऊ. मी म्हटलं, इंटरनेटवर लिहिलंय की वकिलाशिवाय कबूल करू नये. ती म्हणाली, वकिलाशी तू बोलून आलास की.

खालच्या बाईंनी डाव्या हाताने दार उघडलं. मी उंबऱ्यातच सगळं बोलून टाकलं: तेल माझं, चूक माझी, औषधपाणी माझ्याकडे, आणि मुलीला सांगा की वकील करायची गरज नाही. बाईंनी ऐकून घेतलं. मग जिन्यात वरखाली पाहिलं आणि आम्हाला आत ओढून दार लावलं.

आणि त्या बाईंनी, ज्यांचा आवाज चार मजले ऐकू जातो, कुजबुजत सांगितलं की त्या जिन्यात पडल्याच नव्हत्या. नातीची पायाने ढकलायची स्कूटर इमारतीमागे होती. तिथे उतार आहे. उताराच्या टोकाला भिंत आहे. मुलीला खरं सांगितलं असतं तर तिने आईला एकटं राहूच दिलं नसतं, उचलून स्वतःच्या घरी नेलं असतं. म्हणून त्या जिना म्हणाल्या. मुलगी जिना बघायला गेली, तिला तेल सापडलं, आणि आता खोटं मागे घेता येईना. "दोन रात्री झोप नाही मला," त्या म्हणाल्या. "कोणा बिचाऱ्यावर आळ येतोय म्हणून."

तो बिचारा मीच होतो, आणि मी त्या क्षणी त्यांच्या गळ्यात पडायचाच बाकी होतो. एवढ्यात माझं बायकोकडे लक्ष गेलं. तिला जराही आश्चर्य वाटलेलं दिसत नव्हतं. बाईंचं मनगट इस्पितळात तिच्याकडेच आलं होतं, स्कूटरच्या हकिकतीसकट.

"तुला माहीत होतं?"

"पेशंटचं सांगायचं नसतं," ती म्हणाली.

बाईंनी आमच्यासमोरच मुलीला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. मग मुलीने एवढंच विचारलं की स्कूटरला ब्रेक आहे हे तुला माहीत होतं का. बाईंना माहीत नव्हतं. आईला घरी न्यायची गोष्ट निघाली, पण पुढच्या महिन्यापुरती, आणि बाईंनी तीही पंधरा दिवसांवर आणली. तासाभरात टपालपेट्यांवरचा कागद उतरला. मी फडकं आणि साबण घेऊन तिन्ही पायऱ्या घासल्या. इतक्या आनंदाने मी घरातलंही काही कधी घासलेलं नाही.

गुरुवारी रहिवास कचेरीत मी पिसासारखा हलका होऊन गेलो. सत्ताविसाव्या प्रश्नापुढे 'नाही' होतं आणि ते खरं होतं. काउंटरवरच्या अधिकाऱ्याने पानं उलटली, शिक्के मारले, सगळं ठीक आहे म्हणाला. नवीन कार्डासाठी फक्त फोटो आणि उंची, तिथे भिंतीला मोजपट्टी आहे. मी ताठ उभा राहिलो. त्याने आकडा वाचला, अर्ज पाहिला, पुन्हा आकडा वाचला.

"अर्जात पाच फूट नऊ इंच लिहिलंय," तो म्हणाला. "तुम्ही पाच फूट सहा आहात."

लग्न ठरताना मी पाच फूट नऊ सांगितलं होतं. नंतर सगळीकडे तेच लिहीत गेलो, आणि अलीकडे मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. अधिकारी म्हणाला, अवलंबित पतीने चुकीची माहिती दिली तर ती पत्नीने दुरुस्त करून सही केली तरी चालेल. बायकोने पेन घेतलं. शांतपणे 'नऊ' खोडून 'सहा' केलं, सही केली, आणि मग माझ्याकडे वळली.

"अकरा वर्षं," ती म्हणाली, "मी सपाट चपला घालते. पाच फूट नऊचा माणूस माझ्याएवढाच कसा दिसतो, म्हणजे माझ्या चपलांतच काहीतरी खोट असणार, म्हणून."

परवाना तीन वर्षांसाठी मिळाला. येताना वाटेत तिने टाचांच्या चपला घेतल्या. आता ती मला मूर्ख म्हणते तेव्हा वरून म्हणते.