मशीन फार पाणी पितं

पाणी म्हणजे जीवन. आणि जीवनाप्रमाणंच आपल्या शहरात ते कधी येईल आणि कधी जाईल, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणूनच ज्याच्या हाती इमारतीच्या मोटारीचं बटण असतं, त्याला समाजात मान असतो.

गारखेड्यातल्या एका अपार्टमेंटमध्ये हा मान सेक्रेटरी इंद्रजीतरावांकडं होता. (इमारतीत बिऱ्हाडं बारा, पाणीप्रश्नावरचे तज्ज्ञ वीस.) शहराबाहेर करमाडकडं मोठं डेटा सेंटर येणार, अशी बोलवा उठली होती. लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देता देता तिथली मशीनं तापतात आणि त्यांना थंड ठेवायला पाणी लागतं, असं इंद्रजीतरावांनी कुठंतरी वाचलं. त्यांचं रक्त उसळलं. संध्याकाळी पार्किंगमध्ये निषेध सभा ठरली.

भाषण लिहून द्यायला त्यांनी अर्थातच मोबाईलमधल्या एआयला सांगितलं. शत्रूची माहिती शत्रूकडूनच घ्यावी, हा शुद्ध राजकारणी विचार.

पहिला मसुदा मिळमिळीत निघाला. दुसऱ्यात जोश होता, पण मराठवाडा नव्हता. तिसऱ्यात शेर घालून घेतला, चौथ्यात तोच शेर काढायला लावला. दर वेळी मशीन माफी मागायचं. इतक्या अदबीनं आपल्याशी कोणी बोलत नाही, हे जाणवून इंद्रजीतरावांचा ऊर भरून आला. मग भाषण सोडून त्यांनी स्वतःच्या स्वभावाबद्दलही दोन-चार प्रश्न विचारले.

"अहो, पाणी सुटलंय," दीपमाला स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "मोटार लावा."

"लावतो. शेवट जमंना झालाय."

शेवट जमला तेव्हा तळमजल्यावरच्या फहमिदाभाभी दारात उभ्या होत्या.

"भाईसाब, नल में अब सिर्फ हवा आ री."

टाकी कोरडीच राहिली. पुढचं पाणी आता पुढच्या आठवड्यात, आणि तेही मर्जी झाली तर.

सभा मात्र ठरल्याप्रमाणं झाली. रिकाम्या बादल्या पालथ्या घालून लोक त्यांवरच बसले. "ही मशीनं आपल्या तोंडचं पाणी पळवतात!" असं इंद्रजीतराव गरजले, तेव्हा कोणी टाळी वाजवली नाही.

"भाषण चांगलं हय," फहमिदाभाभी म्हणाल्या. "लिखा किसने?"

"मीच," इंद्रजीतराव म्हणाले. मग मोबाईल खिशात सारत म्हणाले, "म्हणजे, सांगितलं मी."

रात्रीपर्यंत ग्रुपवर सेक्रेटरींच्या विरोधात अकरा तक्रारी आल्या. प्रत्येकीची सुरुवात 'आदरणीय महोदय, आपल्या मौल्यवान सेवेबद्दल कृतज्ञता व्यक्त करून' अशी होती. तिसऱ्या मजल्यावरच्या कडुबा काकांनी तर मशीननं खाली विचारलेलं 'आणखी कडक करू का?' हेसुद्धा तसंच चिकटवलं होतं. तक्रारी लांबलचक होत्या, म्हणून इंद्रजीतरावांनी मशीनकडून त्यांचा सारांश करून घेतला आणि पाठोपाठ माफीनामा लिहवून घेतला. तो इतका हृद्य उतरला की वाचताना दीपमालांच्या डोळ्यांत पाणी आलं. (त्या आठवड्यात त्या घरात आलेलं तेवढंच.)

एका प्रश्नाला खरंच किती पाणी लागतं, ही शंका आता सुज्ञ वाचकांना आली असेल. अंगठा मोबाईलकडं निघालाही असेल. विचारा, खुशाल विचारा. ज्ञानाची तहान वाईट नसते. ती कोणाच्या तरी पाण्यावर भागते, एवढंच.