मांडीवरचा वरवंटा

आमच्या नामीकाकूंकडे नवा भाडेकरू आला की त्या त्याला आधी चहा देतात आणि मग मांडीवर वरवंटा ठेवतात. मसाला वाटायचा, तोच दगडी वरवंटा. "धर. नायतर उडशील," म्हणतात. मी साताऱ्याची, दगडाला भिणारी नव्हे. पण आम्ही राहायला आलो त्या दिवशी नवऱ्याचा कप तोंडाशीच थांबला.

काकू दिघ्याच्या जुन्या गावठाणातल्या. भातशेती गेली, तीन मजली इमारत आली आणि काकू मालकीणबाई झाल्या. एकदा टीव्हीवर तरंगणारे अंतराळवीर दिसले. बाकीचे थक्क होऊन बघत होते. काकूंनी विचारलं, "यांची दोरी खाली कोन धरतंय?" मग काकूंनी स्वतःचाच एक ग्रह तयार केला. त्याचं नाव भिंगरी.

भिंगरीवर कायदा एकच: आपलं काम दुसरा करायला लागला की आपलं वजन उतरतं. उष्टा कप तसाच ठेवला, तर माणूस वीतभर वर. स्वयंपाक, झाडू, धुणं सगळंच दुसऱ्यावर टाकलं, तर थेट ढगात. तिथे वरच्यांचे बंगले आणि बागा. खाली जड माणसं, एकेकाच्या हातात एकेका वरच्याची दोरी. वरच्यांची मात्र समजूत अशी, की आपण आपल्या हुशारीवर तरंगतोय.

"मग जड माणसं दोरी सोडत का नाहीत?" मी विचारलं.

"सोडली तर तो जाईल ना कायमचा! येडी का काय तू?"

काकू सगळ्या इमारतीला याच मापानं मोजतात. मी कंपनीत खुर्चीवर बसते म्हणून "अर्धी उडालेली". नवऱ्याबद्दल तर "याचं डोकं पंख्याला लागंल" असं भाकीतच होतं. तो बिचारा हल्ली कप स्वतः विसळतो आणि हळूच पायांखाली बघतो. भिंगरी असो नसो, माझ्या घरात तिचा कायदा चालतो.

गावदेवीच्या जत्रेला काकू सगळ्या भाडेकरूंना जेवू घालतात. भिंगरीवरही म्हणे वर्षातून एकदा वरचे खाली जेवायला येतात आणि परत उडू नयेत म्हणून मांडीवर दगड घेतात. काकूंच्या पंगतीत एक ताट कायम रिकामं, शेजारी वरवंटा. गेल्या वर्षी भाकऱ्या भाजताना मी विचारलंच.

ते ताट जितूचं. काकूंचा एकुलता एक मुलगा, आता बिल्डर, पाम बीच रस्त्याकडे एका टॉवरच्या बत्तिसाव्या मजल्यावर राहतो. त्याच्या नव्या घरी पहिल्यांदा जेवायला काकू डोक्यावर मासळीची पाटी घेऊन गेल्या. वॉचमननं त्यांना मागच्या, सामानाच्या लिफ्टकडे पिटाळलं. जितू पाहुण्यांना घ्यायला खालीच उभा होता. त्यानं पाहिलं आणि गप्प राहिला. त्यानंतर ना काकू वर गेल्या, ना तो खाली आला.

"तुम्हाला राग नाही आला?"

"राग कसला? वर गेलेल्याचा आवाज खाली येत नाय, बाय. मी दोरी धरून हाय."

मला इतकं वाईट वाटलं, की तव्यावरची भाकरी उलटायची राहिली.

यंदा पंगत बसली आणि गल्लीच्या तोंडाशी मोठी गाडी अडकली. जितू उतरून पायी आत आला. त्याला भिंगरीची गोष्ट कुणी सांगितली ते मी विचारलं नाही; पण माझा नवरा त्या दिवशी फारच शहाणा चेहरा करून बसला होता. काकूंनी वाढणं थांबवलं नाही. जितूनं पोट सावरत रिकाम्या ताटाशी कशीबशी मांडी घातली.

"आये, वरवंटा दे."

काकूंनी ठेवला. "जड हाय?"

"हाय."

"मंग जेव."

जेवण झाल्यावर त्यानं सगळ्यांची ताटं उचलली आणि मोरीत बसून घासली. इस्त्रीच्या शर्टाची पार वाट लागली. निघताना म्हणाला, "रविवारी ये, आये. फुडच्या लिफ्टनं. मी खाली उभा ऱ्हातो."

"पाटी आनू?"

"आन. मी घेतो डोक्यावर."

गाडी गेली तरी काकू दारातच उभ्या होत्या, तळहात चोळत.

"हात दुखतो का, काकू?"

"आता नाय, बाय."