दोन बॉक्सर अनुत्तीर्ण

हेल्मेट तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत साहेब आणि मिस्त्री सोमवारपासून एकमेकांशी बोलत नव्हते. कारण होते दोन हेवीवेट बॉक्सर. साहेबांचा देव म्हणजे 'लोहार', वडिलांच्या रेडिओवर ऐकलेला विजेता. मिस्त्रीचा 'मनोरा', आजच्या जमान्यातला, साडेसहा फुटांच्या वरचा. दोघं समोरासमोर आले तर कोण जिंकेल, ही डबा खाताना सुरू झालेली चर्चा "तुमचा लोहार आज असता तर ह्याच्या बुटांच्या नाड्या बांधत बसला असता" इथपर्यंत गेली, आणि साहेबांनी अर्ध्या जेवणावर डब्याचं झाकण लावलं. लोहार वारला तेव्हा मनोरा जन्मालाही आला नव्हता, ही बाब दोघांनाही महत्त्वाची वाटली नाही.

अडचण अशी, की प्रत्येक अहवालावर दोघांच्या सह्या लागत. आता मिस्त्री सही न करताच कागद टेबलावर ठेवी आणि साहेब तो उलटा करून त्यावर चहाचा कप ठेवत. गुरुवारपर्यंत चौदा अहवाल अडले. शुक्रवारी वार्षिक तपासणी होती, आणि नोंदी सांभाळणाऱ्या बाईंना गुणवत्ता प्रमुखाची जागा मिळणार की नाही, ते त्या तपासणीवर ठरणार होतं. अकरा वर्षांत बाईंच्या नोंदींत एक चूक निघाली नव्हती. पाठीमागे सगळे त्यांना 'काटा' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

गुरुवारी दुपारी त्यांनी दोघांना समोर बसवलं. "निकाल मी लावते. मग मात्र मुकाट्याने सह्या करायच्या."

बाईंना निकाल लावायची एकच पद्धत येत होती. मोजायची वस्तू म्हटली की आधी नोंद. संगणकावरच्या नोंदवहीत त्यांनी नमुना अ आणि नमुना ब असे दोन रकाने उघडले. वजन, उंची, हाताचा पल्ला भरला. ठोशाचा वेग ज्याने त्याने आपापल्या देवाचा सांगितला. दोन्ही आकडे ऐकून बाईंनी ते निम्मे केले. डोक्याला किती धक्का चालतो, ती हेल्मेटची मर्यादा कोष्टकात होतीच. कळ दाबताच उत्तर आलं. एकाचा ठोसा दुसऱ्याच्या डोक्याला सोसणार नव्हता, आणि दुसऱ्याचा पहिल्याच्या. नमुना अ, अनुत्तीर्ण. नमुना ब, अनुत्तीर्ण.

चार दिवसांत पहिल्यांदाच साहेब आणि मिस्त्री एका बाजूला आले. बाईंच्या विरुद्ध.

"लोहार नापास," साहेब पुटपुटले.

"साहेब, मनोरासुद्धा. म्हणजे कोष्टकातच घोळ आहे."

"बरोबर बोललास. ह्यांना बॉक्सिंगमधलं काय कळतंय."

खांद्याला खांदा लावून, बाईंकडे ढुंकूनही न बघता, त्यांनी चौदाच्या चौदा अहवालांवर सह्या केल्या. बाई खूश झाल्या आणि ती नोंद पुसायला गेल्या. तेव्हा त्यांना आठवलं, की एकदा केलेली नोंद कुणालाही पुसता येऊ नये, ही सोय त्यांनीच मागच्या वर्षी भांडून करून घेतली होती.

शुक्रवारी तपासनीस आला. बारीक, अबोल, स्वतःचं पेन घेऊन फिरणारा माणूस. वर्षभराच्या नोंदींतून त्याने सर्वांत वरची उघडली.

"हे दोन नमुने दाखवा. चाचणीनंतर तीन महिने जपून ठेवायचे असतात."

बाईंना खोटं बोलता येत नसे. "एक वारलाय," त्या म्हणाल्या. "दुसरा अजून खेळतो."

तपासनिसाने चष्मा काढला. मग बाईंनी पहिल्या डब्यापासून सगळं सांगितलं. साहेबांनी मध्येच उठून चूक आपली असल्याचं कबूल केलं, मिस्त्री म्हणाला आपली जास्त, आणि त्यावरूनही त्यांची जुंपायची वेळ आली. तपासनीस मात्र पडद्यावरचे आकडे एकेक करून वाचत होता.

"ही चाचणी ग्राह्य धरता येणार नाही," तो शेवटी म्हणाला. "दोन नमुन्यांवरून निष्कर्ष काढता? नियमाप्रमाणे किमान तीन लागतात. एक जुन्या काळातला, एक आजचा. आणि मधला काळ कुठे गेला? 'गुरुजी' कुठाय?"

"गुरुजी?" साहेब हळूच म्हणाले. "तो पळपुटा?"

तपासनिसाने टोपण न लावताच पेन टेबलावर ठेवलं.

पुढचे चार तास बाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होत्या. मिस्त्रीने हेल्मेटच्या यंत्रापुढे उभं राहून मनोऱ्याचा पवित्रा दाखवला. तपासनिसाने कोट काढला आणि गुरुजी मागे सरत सरत समोरच्याला कसा दमवायचा, ते खोलीभर उलटं चालून समजावलं. त्या चालण्यात कागदांचा एक गठ्ठा आडवा झाला. बाकीच्या नोंदी कुणी उघडल्या नाहीत. पाच वाजता त्याने कोट चढवून शेरा लिहिला. नमुन्यांची संख्या अपुरी, महिन्याभरात तिसऱ्या नमुन्यासह फेरचाचणी करावी, अन्य त्रुटी नाहीत.

सोमवारी बाईंना गुणवत्ता प्रमुखाच्या खुर्चीवर बसवण्यात आलं. अकरा वर्षांतली त्यांची पहिली चूक शिक्क्यासह समोर भिंतीवर लागली होती. टेबलावर तपासनिसाकडून आलेला एक लिफाफा होता. आत वजन, उंची, पल्ला, आणि छाती दडपून जाईल असा ठोशाचा वेग. खाली लाल शाईत सूचना होती:

"हा डावखुरा होता. नोंद करताना विसरू नये."