उत्तरेकडच्या भिंतीतला बदाम

ब्योर्कफोर्स नगरपालिकेच्या बांधकाम परवाना विभागाने नाताळासाठी बांधलेलं बिस्किटांचं घर शेवटपर्यंत कोणालाही खाता आलं नाही. पण हे वाचकांनी लगेच विसरावं. विभागाच्या नोंदीप्रमाणे असं घर कधी बांधलंच गेलं नव्हतं, आणि नोंदीबाहेरचं काही सांगणं बरं नव्हे.

तर, जे बांधलंच गेलं नाही त्या घराची उत्तरेकडची भिंत होल्गर एक्बोमने लाटली.

होल्गर विभागातला सर्वांत जुना निरीक्षक. एकोणतीस वर्षांत त्याला हसताना कोणी पाहिलेलं नव्हतं. रूने फेल्त नावाच्या गृहस्थाचा व्हरांडा आठ सेंटिमीटर पुढे आला म्हणून होल्गरने त्याचा परवाना अडवला, त्याला आता अकरा वर्षं होत होती. डिसेंबरात नगरपालिकेचा प्रत्येक विभाग एकेक घर बांधून खालच्या दालनात मांडत असे आणि तेरा जानेवारीला, नाताळ संपल्याचा म्हणून पाळतात त्या क्नूटच्या दिवशी, सगळी घरं हातोडीने फोडून खाल्ली जात. ‘कच्चं पीठ खाऊ नये’ अशी पाटी विभागाच्या स्वयंपाकघरात होती. ती होल्गरनेच लावली होती.

आलं, दालचिनी आणि लवंग घातलेलं ते पीठ रात्रभर थंडीत मुरून घट्ट झालं होतं. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून होल्गरने गोळ्याचा एक लचका तोडला. लचका तोंडात आला. वरच्या पुढच्या दातावरची चिनी मातीची कॅप मात्र गोळ्यातच राहिली. हे जिभेला कळेपर्यंत भिंत लाटून, कापून भट्टीत गेली होती.

भट्टीतून ती बाहेर आली तेव्हा डाव्या खिडकीखाली काहीतरी पांढरं चमकत होतं.

“अय्या, बदाम लावलास होय रे?” विभागप्रमुख लोविसा म्हणाली. “छान दिसतोय हं!”

“हं,” होल्गर तोंड मिटून म्हणाला. पुढचे दोन दिवस तो एवढंच म्हणत होता. कार्यालयात कोणाला काही वेगळं वाटलं नाही.

आता प्रश्न असा होता की सहा जानेवारीला त्याच्या मुलीचं, टिल्डेचं, लग्न होतं आणि वधूपित्याने भाषण करायचं होतं. तोंड उघडलं की फटीतून शीळ वाजत होती. दातांचा डॉक्टर तेरा तारखेपर्यंत थायलंडला गेला होता. कॅप चिकटवायची पेस्ट औषधाच्या दुकानात मिळत होती. चिकटवायला कॅप हवी होती.

तिसऱ्या दिवशी सगळे कॉफीला गेलेले पाहून होल्गर चाकू घेऊन दालनात उतरला. तिथे नोंदणी सांभाळणारी गुन्नेल उभी होती.

“पाडकाम करतोयस?” तिने विचारलं.

“हं.”

“परवाना कुठाय?”

गुन्नेल विनोद करते की नाही, हे बावीस वर्षांत कोणाच्या लक्षात आलेलं नव्हतं. तिने वर जाऊन अर्ज भरला, शिक्का मारला आणि प्रकरणाला क्रमांक दिला. क्रमांक पडला की कागद सार्वजनिक होतो. सार्वजनिक कागद वाचायला रूने फेल्त गेली अकरा वर्षं दर मंगळवारी दालनात येऊन बसत असे.

“माझी हरकत आहे,” फेल्त म्हणाला. “माझ्या खुर्चीतून ते घर दिसतं. म्हणजे मी शेजारी झालो.”

“अरे, बिस्किटं आहेत ती!” लोविसा म्हणाली.

“माझा व्हरांडाही नुसती लाकडंच आहेत की, बाई.”

 लोविसाने होल्गरला बोलावून दार लावून घेतलं.

“खरं सांग. त्या भिंतीत एवढं काय आहे?”

होल्गरने तोंड उघडून दाखवलं. लोविसाने बराच वेळ आत पाहिलं.

“तरीच म्हटलं बदाम एवढा चमकतो कसा,” ती गंभीरपणे म्हणाली. “पण होल्गर, माझे हात बांधलेत रे. पाडकामाचा परवाना द्यायचा तर आधी घर असायला हवं. बांधायचा परवाना आपण घेतलाच नव्हता. आणि तुझंच परिपत्रक आहे, ‘विनापरवाना उभं राहिलेलं बांधकाम अस्तित्वात नाही असं धरावं.’ जे नाहीच, ते पाडायचं कसं?”

“मग आत्ता परवाना दे,” होल्गर म्हणाला. त्यातली अर्धी शीळच होती.

“देते ना. शेजाऱ्याची संमती आण.”

होल्गर फेल्तच्या घरी गेला. फेल्तने त्याला अडवलेल्या व्हरांड्यातच बसवलं, कॉफी दिली, केशराचा पावही दिला. व्हरांडा उबदार होता. तिथून गोठलेलं तळं छान दिसत होतं, आणि होल्गरला ते आवडल्यामुळे त्याचा चेहरा आणखी पडला.

“सही करतो,” फेल्त म्हणाला. “आत्ता करतो. फक्त माझे आठ सेंटिमीटर सोड.”

होल्गरने खिशातून टेप काढली आणि पुन्हा एकदा मापलं. आठच होते. त्याने कॉफी संपवली, टेप खिशात घातली आणि उभा राहिला.

“नाही जमणार.”

“अरे, पोरीचं लग्न आहे ना तुझ्या?”

“हो. आणि आठ म्हणजे आठ.”

फेल्तने त्याला दारापर्यंत सोडलं. “च्यायला, निदान सगळ्यांना सारखाच छळतोस,” तो म्हणाला, पण सही केली नाही.

सहा जानेवारीला होल्गर भाषणाला उभा राहिला. भाषण त्याने चार वाक्यांवर आणून ठेवलं होतं. “प्रिय टिल्डे,” एवढं म्हणताच लांब, सुरेल शीळ वाजली. नवरदेवाच्या काकांचा, शीळ ऐकली की शिकार उचलून आणणारा कुत्रा टेबलाखालून निघाला आणि होल्गरसमोर ताठ बसला. होल्गरने दुसरं वाक्य घेतलं. कुत्रा एक पाऊल पुढे आला. तिसऱ्या वाक्याला कुत्रा धावत बाहेर बर्फात गेला आणि कोणाचा तरी हातमोजा आणून त्याने तो अदबीने होल्गरच्या बुटांवर ठेवला.

 टिल्डे ओठ चावत होती.

“पप्पा,” ती हळूच म्हणाली, “चौथं वाक्य राहिलं.”

“नको,” होल्गर म्हणाला. “बदक आणेल.”

आणि तो हसला. तोंड पूर्ण उघडून, फट दाखवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. फोटो नेमका तेव्हाच निघाला.

तेरा तारखेला बाकीच्या विभागांनी आपापली घरं फोडून खाल्ली. बांधकाम विभागाचं घर, अस्तित्वात नसल्याने, दालनातच राहिलं. डॉक्टर परतला, त्याने नवी कॅप बसवली. टिल्डेने तो फोटो मोठा करून आपल्या बैठकीच्या खोलीत लावला आणि एक प्रत गुन्नेलला पाठवली. गुन्नेलने ती बिस्किटांच्या घराच्या वरच, दालनाच्या उत्तरेकडच्या भिंतीवर टांगली आणि तिलाही क्रमांक दिला. मंगळवारी फेल्त त्या फोटोसमोर खुर्ची ओढून बसू लागला.

फेब्रुवारीत टिल्डेला टपालाने एक अर्ज आला. प्रत गुन्नेलसाठी होती:

“सहा जानेवारीच्या छायाचित्रात अर्जदाराच्या चेहऱ्यावर दिसणारं हास्य पूर्वपरवानगीशिवाय उद्भवलं असल्याने ते अस्तित्वात नाही असं धरावं, आणि दोन्ही प्रती पत्र मिळाल्यापासून तीन आठवड्यांच्या आत भिंतीवरून उतरवाव्यात, ही नम्र विनंती.”