मास्तरांची झाडलोट

“उद्यापासून तू फक्त बटण दाबायचंस. पुढचं सगळं यंत्र आपणहून करील!” भूमितीच्या मास्तरांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून जाहीर केलं.

मास्तरीणबाई शिवणाचा वर्ग चालवायच्या आणि त्यावरच पुस्तक लिहीत होत्या. घरातल्या नव्या कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर तीन आज्ञा टाइप कराव्या, तेव्हा कुठे त्यांचं लिखाण उघडायचं. मास्तरांना हे बघवेना. यंत्र सुरू झालं की आधी एक ठरावीक फाइल वाचतं आणि तिच्यात लिहिलेली कामं मुकाट्यानं करतं, असं त्यांना माहितीपुस्तकात सापडलं. फाइलचं नाव ऑटोएक्झेक. नावातच केवढा दरारा!

त्यांनी तिन्ही आज्ञा तिच्यात घातल्या. तिथेच थांबले असते तर ते मास्तर कसले! लिखाणाच्या जुन्या प्रती साचतात, त्या पुसायची ओळही पुस्तकात होती: ‘डेल’, पुढे स्टार डॉट बॅक. स्टार म्हणजे ‘कुठलंही नाव’, बॅक म्हणजे जुनी प्रत. मग एकट्या बॅकवरच का अडायचं? झाडायचंच तर कोपरा न् कोपरा झाडावा! मास्तरांनी टिंबाच्या दोन्ही बाजूंना स्टार ठोकला आणि पहाटे आठ दिवसांच्या शिबिराला निघून गेले.

परतले तेव्हा बाई वर्गावर होत्या. शेजारचे दातांचे डॉक्टर चौकशीला डोकावले आणि मास्तरांना श्रोता मिळाला.

“बघा हं डॉक्टर. बटण दाबलं. आता हात बांधून बसायचं!”

यंत्र घुरघुरलं. चार ओळी सरकल्या आणि पडदा थबकला.

“काहीतरी विचारतंय,” डॉक्टर म्हणाले.

“विचारू दे. रीत असते एकेकाची!” मास्तरांनी न वाचताच होकाराचं ‘वाय’ दाबलं.

लिखाणाची चौकट उघडली. आत एक अक्षर नाही.

“सुटसुटीत आहे हो पुस्तक,” डॉक्टर म्हणाले.

मास्तरांनी फायलींची यादी मागवली. यादी रिकामी! बाह्या, कॉलर, खिसे, काजं, अकराच्या अकरा प्रकरणं गायब. आणि सोमवारी प्रकाशक न्यायला येणार! मास्तरांनी यंत्र बंद केलं, चालू केलं, वरून दोन थापटा मारल्या. मागे जाऊन वायरी हलवल्या. यंत्राने पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी मास्तरांनी तो वाचला. सगळ्या फायली पुसल्या जातील, खात्री आहे?

“डॉक्टर, परत आणता येईल का हो?”

“मला यातलं काही कळत नाही. पण आमच्या धंद्यात एकदा काढला की काढला.”

तेवढ्यात बाई आल्या. मास्तरांनी मनात जुळवलेली तीन कारणं तिथेच विरघळली. “अगं, तुझं पुस्तक गेलं. मीच घालवलं,” ते खाली मान घालून म्हणाले.

“वाय दाबलंत होय?” बाईंनी पर्स खुंटीला अडकवली, शिलाई मशीनचा खण ओढला आणि एक फ्लॉपी काढून टेबलावर ठेवली. “सगळं यात आहे. रोज उठून ज्याला घर पुसावंसं वाटतं, त्याच्या भरवशावर कोण राहील? पहिल्याच दिवशी उतरवून घेतलं. रोजच घेते.”

मास्तरांच्या जिवात जीव आला. आणि तो येताच आवाजही चढला. “म्हणजे आठ दिवस ते हेच विचारतंय? शिबिरात फोन होता की! एक फोन केला असतास, ती ओळ कशी काढायची ते सांगितलं असतं!”

“कशाला? मी एन दाबायचे, ते गप्प बसायचं. खरं सांगू? वीस वर्षांत या घरात काही करायच्या आधी मला कुणी विचारलंय? ते बापडं रोज सकाळी विचारायचं. बरं वाटायचं हो!”

डॉक्टर चपला शोधू लागले.

मास्तरांनी ऑटोएक्झेक फाइल उघडली. स्टारांच्या ओळीवर येऊन बोट उगारलं आणि तसंच हवेत ठेवलं.

“अगं,” ते म्हणाले, “काढू ना ही ओळ? नक्की?”

बाईंनी सुई घेतली, उजेडाकडे धरली आणि सावकाश दोरा ओवायला लागल्या.

“विचार करून सांगते,” त्या म्हणाल्या.