पहिले नक्कल, मंग अक्कल

भास्करआप्पा देवळाच्या ओट्यावर खुशाल चपला घालून बसतात, पण कॉम्प्युटरची रजिस्ट्री उघडायची झाली की आधी चपला काढतात. नुसत्या स्वतःच्या नाही, खोलीत असतील तेवढ्या सगळ्यांच्या काढायला लावतात. एका सोसायटीच्या ऑफिसात त्यांनी चेअरमनला असंच बूट काढून बसवलं. चेअरमनच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. तेव्हापासून तिथे आप्पांना बोलावत नाहीत.

आप्पा राहतात ब्राह्मणपुरीला. तळोद्याच्या एका कचेरीत जन्मभर रेकॉर्डरूम सांभाळून निवृत्त झाले. लोक निवृत्तीनंतर केळी लावतात, नाहीतर निवडणुकीला उभे राहतात. आप्पांनी कॉम्प्युटर दुरुस्ती धरली. त्यातही व्हायरस, धूळ, उंदराने कुरतडलेली वायर ही त्यांच्या लेखी हलकी कामं. त्यांचा जीव रजिस्ट्रीत. कॉम्प्युटर आपल्या सगळ्या सेटिंगा जिथे नोंदवून ठेवतो ते हे दप्तर: पडद्याचा रंग कोणता, प्रिंटर कुठला, सकाळी उठल्यावर कोणकोणत्या प्रोग्रॅमला जागं करायचं.

"हाऊ कॉम्प्युटरना सातबारा शे," आप्पा सांगतात. "सातबारावर कोनी रबर फिरावस का?"

रबर नाही, रीतसर फेरफार. म्हणजे जिथे हात घालायचा त्या भागाची नक्कल आधी काढून ठेवायची. जुनी नोंद वहीत उतरवायची. एका वेळी एकच बदल. मग मशीन बंद करून चालू करायचं आणि बघायचं. "पहिले नक्कल, मंग अक्कल," हे वाक्य ते समोर कोणीही असला तरी म्हणतात. एकदा दाढी करणाऱ्यालाही म्हणाले होते.

मी म्हसावदच्या एका शाळेत क्लार्क, म्हणजे गावाचा भाऊसाहेब. आमचा ऑफिसातला कॉम्प्युटर सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा, की तोवर प्रार्थना, प्रतिज्ञा आणि हेडसरांचं भाषण उरकायचं. एकदा मी मोबाईलवर व्हिडिओ पाहिला: रजिस्ट्रीतला कचरा काढा, मशीन पळवा. मी रजिस्ट्री उघडली. आत ओळीच्या ओळी, परकी नावं, आकडे. ज्या नोंदीचा अर्थ कळत नाही ती कचरा, असा न्याय लावून मी झाडू मारला. अर्थ एकीचाही कळत नव्हता, त्यामुळे बराच मारला.

मशीन बंद करून चालू केलं. नुसता काळा पडदा. दहावीच्या परीक्षेचे अर्धे भरलेले फॉर्म आत, आणि मुदत दुसऱ्या दिवशीची. हेडसरांनी विचारलं, "तुम्ही हात लावला होता का?" मी म्हणालो, "लाइट गेली होती, सर." आमच्याकडे हे कारण कोणी तपासत नाही.

आप्पांना निरोप गेला. मोटरसायकलवर आले. मी, हेडसर आणि शिपाई अनवाणी रांगेत उभे राहिलो. आप्पांनी काळ्या पडद्याकडे जरा वेळ पाहिलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "काय काय मिटाडं?"

"लाइट गेली..."

"लाइटले रजिस्ट्री वाचता येत नही, भाऊसाहेब."

हेडसर माझ्याकडे वळले. मी कबूल केलं. आता चारचौघांत शोभा होणार, म्हणून मान खाली घातली. आप्पा एवढंच म्हणाले, "मीबी एकदा करेल शे. तव्हय तर साहेबनं मशीन व्हतं." आणि कामाला लागले.

फॉर्म जागेवरच होते. मशीनला फक्त उठून उभं कसं राहायचं ते आठवत नव्हतं. मागे प्रिंटर बघायला आले तेव्हा आप्पांनी कोणाला न विचारता आमच्या रजिस्ट्रीची नक्कल काढून ठेवली होती. ती त्यांनी परत बसवली. तासाभराने पडदा उजळला. हेडसर चपला घालून वर्गावर गेले. फॉर्म संध्याकाळच्या आत रवाना झाले.

त्याआधी आप्पांनी माझ्याकडून एक फेरफार करून घेतला. कीबोर्डवरचं आकड्यांचं बटण दर सकाळी हाताने चालू करावं लागायचं. आधी नक्कल घेतली, जुनी नोंद वहीत लिहिली, मग त्या नोंदीतल्या शून्याच्या जागी दोन टाकला. एंटर दाबण्याआधी मी तो आकडा तीनदा तपासला. "भीती वाटस का?" आप्पा म्हणाले. "मंग तुमले येई."

पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. आप्पा चहा ठेवायला आत गेले. "तवलग बातम्या देखा," म्हणाले. त्यांच्या कॉम्प्युटरचा माउस कीबोर्डच्या डाव्या अंगाला ठेवलेला. मी उजवीकडे घेऊन क्लिक केलं, तर भलतीच यादी उघडली. परत तेच. मग लक्षात आलं, माउसची दोन्ही बटणं उलटी आहेत. गुरूच्या घरी बिघाड, आणि तो मला सापडलेला. मी लगेच नक्कल घेतली, नोंद शोधून काढली. तिथे एक होता, तो शून्य केला की काम झालं. शून्य टाकला आणि एंटर दाबणार, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"ते राहू द्या, भाऊसाहेब. ते कमलनं शे."

कमलकाकू म्हणजे त्यांची बायको. अडीच वर्षांपासून सुरतेला मुलाकडे असतात, नातवाला सांभाळायला.

"ती डावरी शे," आप्पा कप खाली ठेवत म्हणाले. "ल्हानपने जेवताना डावा हात बांधी ठेयेत तिना. भाकर, विळा, सही, समदं उजवा हातनी शिकनी. दुपारले कॉम्प्युटरवर पत्ता खेये. मी बटनं फिराई दिनात. म्हनं, एक तरी चीज तुन्हा डावा हातनी व्हऊ दे."

"पण आता तुम्ही एकटेच वापरता. रोज उलटं दाबता?"

"सवय पडी गयी."

"काकू आल्या की पुन्हा फिरवून देता येईल की. एका नोंदीचं तर काम."

"दिवाळीले चार दिवस येस ती. त्यामा तिले वाटाले नको, का घर बदली गयं."

मी शून्य टाकलेली ती चौकट रद्द करून बंद केली. चहात साखर फार झाली होती. मी कप रिकामा केला. आप्पा खुर्ची ओढून बसले आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाने दाबत दाबत त्यांनी हवामान उघडलं. पानावर सुरतेचं नाव होतं. तिथे त्या दिवशी ढगाळ होतं.